हवाईचे लाकडी देव: नाव चेहऱ्यावर लिहिलेले नसते

हवाईच्या बिग आयलंडवर, कोना किनाऱ्याला होनाउनाउ नावाची एक शांत खाडी आहे. काळ्या लाव्हाचे खडक, समोर निळा समुद्र, पानांनी शाकारलेले एक छोटे घर आणि त्याभोवती लाकडी खांबांचे कुंपण. या घराच्या आसपास उंच लाकडी मूर्ती उभ्या आहेत. ताणलेले डोळे, वासलेले तोंड, किंचित वाकलेले गुडघे. आता कोणत्याही क्षणी उडी घेतील असे वाटते. हवाईच्या जाहिरातींत किंवा कुणाच्या तरी हनिमूनच्या फोटोंत तुम्ही त्या कदाचित पाहिल्याही असतील.

आपण भारतीय तिथे पोहोचलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘हा कोणता देव?’’

प्रश्नात गैर काहीच नाही. सोंड दिसली की गणपती, बासरी दिसली की कृष्ण, कमरेवर हात दिसले की विठोबा. आपल्याकडे पाच वर्षांचे मूलही देव ओळखते, कारण हातातले आयुध, शेजारचे वाहन आणि उभे राहण्याची पद्धत सगळे सांगून टाकते. हवाईच्या मूर्तींची अडचण इथेच सुरू होते. बहुतेकींच्या हातात काहीच नसते. पायाशी कोणताही प्राणी नसतो. आणि चेहरा? तो तर जवळपास सगळ्यांचाच रागीट.

मग मोबाइलवर शोधले की झटकन उत्तर येते, ‘‘हा कू, हवाईचा युद्धदेव.’’ हे उत्तर काही ठिकाणी अगदी बरोबर असते, पण पुष्कळ ठिकाणी तो निव्वळ अंदाज असतो. हवाईची ट्रिप ठरवत असाल, किंवा घरबसल्याच तिथे फेरफटका मारायचा असेल, तर या देवांकडे कसे पाहायचे ते जरा समजून घेऊया. मजा दुप्पट होईल.

चार मोठे देव, आणि त्यांच्यामागे हजारो

हवाई भाषेत अशा मूर्तीला ‘किई’ म्हणतात. किई म्हणजे प्रतिमा, आकृती. आज तिथे फोटोलाही किईच म्हणतात. देवाला शब्द आहे ‘आकुआ’ आणि देवळाला ‘हेइआऊ’. म्हणजे किई हा देव नव्हे, देवाची प्रतिमा. हा फरक तिथले लोक आवर्जून सांगतात.

मोठे देव चार: कू, लोनो, काने आणि कानालोआ. कू युद्धाचा आणि राजसत्तेचा, पण तेवढाच नाही. जंगलात होडीसाठी झाड तोडताना वेगळ्या नावाचा कू असतो, मासेमारीला जाताना ‘कूउला’ असतो. एकच देव, कामागणिक वेगळे नाव. लोनो पाऊस, शेती आणि शांततेचा. काने गोड्या पाण्याचा, उजेडाचा, जीवनाचा. कानालोआ समुद्राचा. ऑक्टोपस हे त्याचे एक रूप मानले जाते. काने आणि कानालोआ जोडीने भटकत जमिनीत काठी खुपसून गोड्या पाण्याचे झरे काढतात, अशा कथा तिथे गावोगाव ऐकायला मिळतात.

या चौघांच्या मागे असंख्य देव आहेत. जुन्या प्रार्थनांत त्यांना हजारोंनी, लाखोंनी हाक मारली जाते. ‘तेहतीस कोटी’ ऐकत मोठे झालेल्या आपल्याला यात नवल वाटायला नको. शिवाय प्रत्येक घराण्याचे ‘आउमाकुआ’ असतात, म्हणजे देवत्वाला पोहोचलेले पूर्वज. ते शार्क, घुबड अशा रूपांत घराण्याची पाठराखण करतात. घरगुती पूजेतल्या लहान मूर्ती बऱ्याचदा अशा पूर्वजांच्या असत. त्यांचे नाव फक्त त्या घराला ठाऊक. बाहेरच्या माणसाने ते ओळखायचे तरी कसे?

आता कानेचे बघा. हा चौघांपैकी एक, पण त्याच्यासाठी बहुतेक वेळा मूर्ती कोरलीच जात नसे. घराजवळ एक उभा, साधा दगड ठेवत आणि त्याची पूजा करत. आपल्याकडचा तांदळा आठवा. नाक नाही, डोळे नाहीत, तरी गावाला पक्के माहीत असते की ही कोणती देवी. आणि ज्वालामुखीची देवी पेले हिला तर मूर्तीची गरजच काय! किलाउएआ ज्वालामुखी हेच तिचे घर आणि वाहणारा लाव्हा हेच तिचे शरीर, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे.

‘मोआना’ पाहिलेली मुले माउईला शोधतील, त्यांना आधीच सांगून ठेवा. माउई हा कथांमधला पराक्रमी वीर आहे. या देवळांच्या कुंपणाशी तो भेटणार नाही.

रागीट चेहरा म्हणजे कू?

मोठ्या देवळांतल्या ज्या मूर्ती आज प्रसिद्ध आहेत, त्यांची घडण साधारण एका धाटणीची आहे. डोके शरीराच्या मानाने खूप मोठे. डोळे मागे खेचलेले. नाकपुड्या फुगलेल्या. तोंड असे की इंग्रजी आठचा आकडा आडवा ठेवावा. डोक्यावर उंच, कोरीव मुकुटासारखा केशसंभार. याला अभ्यासक कोना शैली म्हणतात. पहिला कामेहामेहा राजा अठराव्या शतकाच्या शेवटी एकेक बेट जिंकत होता, त्या काळात ही शैली बहरली.

पण शैली म्हणजे ओळख नव्हे. शैलीवरून मूर्ती कुठल्या भागातली, कोणत्या काळातली हे कळते. देवाचे नाव त्यातून कळेलच असे नाही. एकाच कारागिराच्या हाताखाली दोन वेगळ्या देवांच्या मूर्ती सारख्याच दिसू शकतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अडीच मीटरहून उंच अशी ही मूर्ती १८३९ पासून तिथे आहे. लाकूड आहे ब्रेडफ्रूटचे, म्हणजे कोकणात आणि गोव्यात ज्याची कापे आपण चवीने खातो त्या नीरफणसाचे. ती कूकाइलिमोकूची म्हणून ओळखली जाते. या नावाचा अर्थ ‘बेटे हिसकावून घेणारा कू’. मात्र तिच्या केसांत डुकराच्या डोक्यासारखे आकार कोरलेले दिसतात, आणि डुक्कर हे तर लोनोचे रूप! युद्धाच्या देवाच्या डोक्यावर शांततेच्या देवाची खूण? मग हा कू की लोनो की दोघे एकत्र? म्युझियमवालेसुद्धा इथे ‘कदाचित’ हा शब्द वापरतात. मला विचाराल तर तो ‘कदाचित’ हाच त्या फलकावरचा सर्वांत प्रामाणिक शब्द आहे.

मग जुन्या काळी लोक कसे ओळखत? मुख्यतः जागेवरून आणि विधीवरून. कूच्या मोठ्या देवळासाठी ओहिआ जातीचे झाड जंगलात जाऊन निवडले जाई. पुरोहित आणि सरदार मिरवणुकीने जात, बळी दिला जाई, मगच कुऱ्हाड लागे. पुरीच्या जगन्नाथासाठी झाड शोधतात त्याची आठवण येते, नाही? कोरीव काम झाले तरी मूर्ती अजून लाकूडच असे. मंत्र म्हणत तिला ‘मालो’, म्हणजे लंगोटासारखे कापड नेसवले की तिच्यात देव येई. आपण प्राणप्रतिष्ठा म्हणतो, तसेच. नाव होते ते त्या मंत्रांत, त्या देवळात, त्या पुरोहिताच्या स्मरणात. लाकडावर ते कधी लिहिलेलेच नव्हते.

म्हणूनच बिग आयलंडवर कावाइहाए गावाजवळचे पुउकोहोला पाहायला विसरू नका. कैलुआ-कोनाहून उत्तरेला गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. टेकडीवर चुना-मातीशिवाय रचलेला दगडांचा प्रचंड चौथरा आहे. कामेहामेहाने तो १७९०-९१ मध्ये बांधला, कारण एका भविष्यवेत्त्याने सांगितले होते की कूसाठी इथे देऊळ बांधलेस तर सगळी बेटे तुझी होतील. देवळाच्या समारंभाला बोलावलेला त्याचा प्रतिस्पर्धी केओउआ तिथेच मारला गेला आणि त्याचा बळी देवाला गेला. १८१० पर्यंत सगळी बेटे खरोखर कामेहामेहाच्या हाती आली. हे देऊळ कोणाचे, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नाही. ओळख पटवायला मूर्तीचा चेहरा लागतच नाही.

एका जेवणाने सगळे बदलले

आता थोडे दक्षिणेला, कैलुआ-कोना शहरात येऊया. इथे कामाकाहोनू नावाचा लहानसा किनारा आहे. शेजारी मोठे हॉटेल, वाळूत खेळणारी मुले, आणि पाण्यात घुसलेल्या चौथऱ्यावर आहुएना हेइआऊ. कामेहामेहाने शेवटची वर्षे इथे काढली आणि ८ मे १८१९ रोजी तो इथेच वारला.

तेव्हा हवाईत ‘कापू’ पाळत. सोवळे-ओवळे म्हणा, पण फार कडक. बायकांनी पुरुषांसोबत जेवायचे नाही. केळी, नारळ, डुकराचे मांस त्यांना वर्ज्य. मोडले तर शिक्षा मृत्यूपर्यंत जाई. राजा गेल्यावर काही महिन्यांतच त्याची लाडकी राणी काआहुमानू आणि नव्या राजाची आई केओपुओलानी यांनी तरुण राजा लिहोलिहोला पटवले. भर मेजवानीत तो उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवू लागला. बस्स! शेकडो वर्षांची व्यवस्था त्या एका जेवणाने मोडली. कथा-कादंबरीत असे लिहिले तर आपण म्हणू, जरा अतीच झाले.

त्यानंतर देवळे पाडा, मूर्ती जाळा, असा हुकूम सुटला. मुख्य पुरोहित हेवाहेवा स्वतः त्यात पुढे होता. राजाचा चुलतभाऊ केकुआओकालानी याच्याकडे मात्र युद्धदेव कूकाइलिमोकूची जबाबदारी सोपवलेली होती. त्याने विरोध केला. डिसेंबर १८१९ मध्ये, कैलुआच्या दक्षिणेला कुआमोओ इथल्या लढाईत तो पडला. त्याच्या शेजारी लढणारी त्याची बायको मानोनो हिनेही तिथेच प्राण सोडले.

पुष्कळांना वाटते की मूर्ती मिशनऱ्यांनी जाळल्या. पण अमेरिकन मिशनऱ्यांचे जहाज कोनाला पोहोचले ते १८२० च्या एप्रिलमध्ये. तोवर आग लागून गेलेली होती. नंतर नव्या धर्माने जुन्या स्मृती पुसायला हातभार लावला, हेही खरेच. जे लोक नाव घेऊन त्या मूर्तींना हाक मारत, त्यांनी बोलणे बंद केले. मुलांना शिकवणे बंद केले. काही मूर्ती गुहांत लपवल्या गेल्या, काही परदेशी खलाशांनी आणि पाहुण्यांनी नेल्या. मूर्ती उरल्या, नावे गेली.

आहुएनाला आज दिसणाऱ्या मूर्ती नव्या आहेत. पण त्या मनाने कोरलेल्या नाहीत. १८१६ मध्ये एका रशियन मोहिमेसोबत लुई शोरी नावाचा तरुण चित्रकार इथे आला होता. त्याने हे देऊळ कागदावर उतरवून ठेवले. त्याच्या चित्रांचा आधार घेऊन १९७० च्या दशकात देऊळ पुन्हा उभे राहिले. सगळ्यांत उंच मूर्तीच्या डोक्यावर एक पक्षी बसलेला दिसेल. तो ‘कोलेआ’, म्हणजे सोनचिखल्या. दर हिवाळ्यात अलास्काकडून हजारो किलोमीटर उडत हवाईला येणारा हा पाहुणा. त्यावरून हा देव कोलेआमोकू, रोग बरे करण्याशी जोडलेला, अशी ओळख सांगितली जाते. अशी स्पष्ट खूण फार थोड्या मूर्तींना लाभली आहे. मोबाइलचा झूम वापरा, कारण चौथऱ्यावर जायला परवानगी नाही.

आणि ती होनाउनाउची खाडी? कैलुआहून दक्षिणेला साधारण ३५ किलोमीटर. तिचे पूर्ण नाव पुउहोनुआ ओ होनाउनाउ, म्हणजे होनाउनाउचे अभयस्थान. कापू मोडलेला माणूस जीव मुठीत धरून इथे पोहोचला की पुरोहित त्याला शुद्ध करत आणि तो सुटे. हे अभय कुठून आले? शाकारलेल्या त्या छोट्या घरातून. त्याचे नाव हाले ओ केआवे. तिथे २३ सरदारांच्या अस्थी ठेवलेल्या होत्या आणि त्यांची दैवी शक्ती, ‘माना’, त्या जागेचे रक्षण करी. १८२३ मध्ये विल्यम एलिस या इंग्रज मिशनऱ्याने ते घर आणि भोवतीच्या मूर्ती पाहून वर्णन लिहिले, चित्रही काढले. पुढे अस्थी हलवल्या गेल्या, घर मोडले. आताचे घर १९६० च्या दशकापासूनचे, आणि लाकूड कुजते म्हणून मूर्तीही वेळोवेळी नव्या कोरल्या जातात. म्हणून तिथे उभे राहून ‘हा कू आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘हे इथे कोणाची राखण करतात?’ असे विचारा. या प्रश्नाला तिथे नक्की उत्तर मिळते.

होनोलुलूचे म्युझियम

ओआहू बेटावर जाणार असाल तर बिशप म्युझियमसाठी किमान अर्धा दिवस ठेवा. राजकन्या बर्नीस पाउआही हिच्या स्मरणार्थ तिच्या पतीने १८८९ मध्ये ते सुरू केले. देवळातल्या त्या प्रचंड उंचीच्या जुन्या मूर्तींपैकी जगात फक्त तीन उरल्या आहेत. एक इथे, एक लंडनला, एक अमेरिकेतल्या सेलम शहरातल्या म्युझियममध्ये. २०१० मध्ये काही महिन्यांसाठी या तिघी बिशप म्युझियममध्ये शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या.

पिसांचे देवही शोधून पाहा. वेलीच्या मुळांची टोपली विणून डोक्याचा आकार करायचा, त्यावर जाळी, जाळीत लाल-पिवळी पिसे, डोळ्यांना शिंपल्याचा चकाकता तुकडा आणि तोंडात कुत्र्याचे दात. युद्धात हे देव काठीवर धरून नेत. लहान मुले घाबरतील किंवा खिदळतील, मधले काही नाही. हे सगळे कूकाइलिमोकूच आहेत का, यावरही अभ्यासकांचे एकमत नाही.

नावाला किती किंमत येते, त्याचीही एक गोष्ट आहे. २०१७ मध्ये पॅरिसच्या लिलावात हाताच्या लांबीएवढी एक लाकडी मूर्ती सुमारे ७५ लाख डॉलरना गेली. सेल्सफोर्स कंपनीचे संस्थापक मार्क बेनिऑफ यांनी ती घेतली आणि हवाईची वस्तू हवाईत असावी म्हणून बिशप म्युझियमला दिली. पुढे काही जाणकारांनी शंका काढली की ती मुळात इतकी जुनी आहे का. एकाच्या मते ती देवळातली, दुसऱ्याच्या मते पर्यटकांसाठी केलेली. चेहरा तोच, वाकलेले गुडघे तेच. फक्त चेहऱ्यावर विसंबून ओळख ठरवली की असे होते.

दुकानातला ‘पैशाचा देव’

वाइकिकीच्या दुकानांत तुम्हाला रांगेने लहान लाकडी पुतळे दिसतील. गळ्यात चिठ्ठी: पैशाचा देव, प्रेमाचा देव, नशिबाचा देव. ज्या समाजात नाणीच नव्हती, तिथे पैशाचा देव कुठून येणार? ही सगळी विक्रीसाठी चिकटवलेली नावे. त्यांना सरसकट ‘टिकी’ म्हणतात, पण टिकी हा शब्द न्यूझीलंडच्या माओरी आणि मार्केसास बेटांच्या लोकांचा आहे. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात ‘टिकी बार’ निघाले. पॅसिफिकमधल्या वेगवेगळ्या बेटांचे चेहरे, अगदी ईस्टर आयलंडची दगडी डोकीसुद्धा, एकाच मगवर आली. आपला एखादा देव कुणी दारूच्या पेल्यावर छापला तर आपल्याला कसे वाटेल, एवढा विचार पुरे.

घरी काही न्यायचेच असेल तर कोणी कोरले हे सांगता येईल अशा दुकानातून घ्या. माझी पसंती कोआ लाकडाच्या वाडग्याला. देव्हाऱ्यात जागा शोधायला नको!

ज्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे

गंमत म्हणजे ज्या देवाची ओळख सर्वांत पक्की आहे, त्याची मूर्ती सर्वांत साधी आहे. लोनोची. डेव्हिड मालो या हवाईच्याच विद्वानाने एकोणिसाव्या शतकात तिचे वर्णन लिहून ठेवले. साधारण बारा फूट लांब काठी, टोकाला लहानसे कोरलेले डोके, मानेशी आडवी काठी बांधलेली आणि तिच्यावरून सोडलेले झाडाच्या सालीचे पांढरे कापड. ‘माकाहिकी’ या सणात ही काठी बेटाला प्रदक्षिणा घाली. सुमारे चार महिने युद्ध बंद. कर गोळा करायचे, खेळ खेळायचे, खायचे-प्यायचे.

जानेवारी १७७९ मध्ये कॅप्टन कुकची जहाजे केआलाकेकुआ खाडीत शिरली ती याच दिवसांत. हवाईच्या लोकांनी त्याला लोनो समजले का, यावर मोठा वाद झाला. ‘देव समजले’ ही युरोपियांनीच रचलेली कथा आहे, असे ठासून मांडणारे गणनाथ ओबेयेसेकेरे हे आपल्या शेजारच्या श्रीलंकेचे.

माकाहिकीची सुरुवात ठरते आकाशावरून. सूर्य मावळताना पूर्वेला माकालिई उगवले की सणाचे दिवस आले. माकालिई म्हणजे आपल्या कृत्तिका. ज्यांच्यावरून आपला कार्तिक महिना ओळखला जातो, त्याच.

हा सण आता पुन्हा होतो. काहोओलावे हे बेट अमेरिकन नौदलाने अनेक दशके बॉम्बच्या सरावासाठी वापरले. १९८२ पासून हवाईचे लोक तिथे माकाहिकी करू लागले, तेव्हा बॉम्बफेक अजून थांबलेलीही नव्हती. इतर बेटांवरही काही ठिकाणी लोनोची काठी निघते. तुमची ट्रिप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असेल तर स्थानिक कार्यक्रमांची चौकशी करून ठेवा. मिरवणूक दिसली तर बाजूला थांबा, फोटो विचारूनच काढा, आणि देवळाच्या दगडांवर पानात गुंडाळून ठेवलेले काही दिसले तर हात लावू नका. तो नैवेद्य असतो.